हिरव्या कुऱ्हाडीची उत्तरपूजा

मित्रांनो, मी हिरव्या दगडाची एक जुनी कुऱ्हाड आहे. पण घाबरू नका, मी आजवर साधी काटकीही तोडलेली नाही. माझा जन्म आल्प्सच्या डोंगरातला. वाळू-पाण्यानं घासघासून मला गुळगुळीत केलं. लोखंड कुणाला ठाऊक नव्हतं, त्या काळच्या शेतकऱ्यांनी मला हातोहात पुढे धाडलं. कधी बियाण्याच्या बदल्यात, कधी गाईच्या. देणारा सांगे, ही अमक्याकडून आली. घेणारा ते नाव जपे. अशी नावं गोळा करत मी समुद्र ओलांडून आयर्लंडला आले. मग कुणीतरी मला शेताच्या कडेला पुरलं. हातोहात फिरायची सवय मला, आणि आता हजारो वर्षं एकाच जागी! काय तगमग झाली म्हणून सांगू!

२००४ च्या उन्हाळ्यात तिथल्याच कासलबार गावात पद्मिनीताईंनी घरामागे मेथीसाठी वाफा खणला आणि मी वर आले. त्यांना वाटलं, देवीच प्रकटली. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, तिथं कपाटाला प्रेसच म्हणतात, त्यांचे देव होते. त्यांत मला बसवलं, कुंकू लावलं. संध्याकाळी कीर्तनाची कॅसेट लागे. झांजा वाजल्या की माझ्या अंगात चलबिचल होई, पुन्हा वाटेला लागावंसं वाटे.

पण ताईंचं मागणं नेमकं उलटं. त्यांचे यजमान हरीशराव इस्पितळात डॉक्टर. दर सहा महिन्यांनी बदली, नवं गाव, पुन्हा खोकी. ताई हात जोडून म्हणत, "देवी, तू इथून हलू नकोस, म्हणजे आम्हीही हलणार नाही."

हरीशराव चिडवत, "घर भाड्याचं, आणि देवी तेवढी कायमची!"

एके दिवशी त्यांच्या मुलीनं, ईशानीनं, शाळेच्या पुस्तकात माझ्यासारखंच चित्र पाहिलं. अशी वस्तू सापडली तर म्युझियमला कळवायची, असा तिथला कायदा. ताई ऐकेनात. बसवलेली देवी उठवली की घरही उठणार, हीच धास्ती.

ईशानी माझ्याकडे बघत म्हणाली, "बट आई, व्हॉट इफ शी वॉन्ट्स टु गो?"

दुसऱ्या सकाळी ताईंनी उत्तरपूजा केली, दही ठेवलं, अक्षता वाहून मला जागेवरून जरासं हलवलं. तेवढ्यानंच माझा जीव सुपाएवढा झाला.

"जा बाई सुखानं," त्या म्हणाल्या. "आमचं आम्ही बघू."

डब्लिनच्या म्युझियममध्ये एका साहेबांनी मला अलगद हातात घेतलं आणि ताईंना विचारलं, आपण कोण, कुठल्या? एरवी ताई नागपूर सांगत. या वेळी म्हणाल्या, "पद्मिनी. कासलबारची."

त्याच जुलैत बदली आली आणि त्यांचं घर हललंच. मीही आता काचेआड आहे, अजून चुळबुळते. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर दडवू नका. पुढे द्या, आणि कुणाकडून आली ते नाव सोबत द्या. माझ्या पाटीवर कासलबार लिहिलं आहे. ते आता कुणाच्याही बदलीनं हलायचं नाही.