छबुबाईच्या घळीत अस्वलीण

सीताफळाचे डोळे उघडले, फळ तोडायला आलं, की मांजरसुंब्याच्या डोंगरात बाया मुक्या होतात. घरी ज्यांचं तोंड पाण्याच्या घोटापुरतंच थांबतं, त्या डोंगर चढताना बांगडीसुदिक वाजू देत न्हाईत. कावून? तर आपली झाडं कुठं हायत ते दुसरीला कळू नये म्हणून.

आन् सगळ्यांत मुकी छबुबाई. तिच्याकडं एक घळ होती. घळीत बावीस झाडं, आन् एकेक सीताफळ तान्ह्या लेकराच्या डोस्क्याएवढं. दोन खाल्ली की गडीमाणूस दिवस कलेपर्यंत घोरतंय. ही घळ तिला सासूनं जाता जाता कानात सांगितली होती. नवऱ्याला, राधाकिशनला, अजून ठाऊक न्हाई.

शेजारची सरस्वतीबाई वीस वर्सं त्या घळीचा माग काढायली. छबुबाईनं तिला दर दोन सालाला नवी थाप दिली. एकदा सात फण्यांचा नाग, एकदा हिरव्या लुगड्यातली हडळ, आन् गेल्या साली बिबट्या, त्यो बी लंगडा. "लंगडा हाय म्हणून लई चिडका हाय गं सरस्वते!"

नागाला सरस्वतीबाई भ्याली. हडळीला अर्धी भ्याली. लंगड्या बिबट्याला मात्र खो खो हसली, आन् तवापासून छबुबाईच्या शब्दावरला तिचा इस्वासच उडाला.

यंदा वनखात्याचा भारत गार्ड मारुतीच्या पारावर येऊन सांगून गेला. डोंगरात अस्वलीण आलीय, कुठून आली देव जाणे, संगं दोन पिलं हायत.

"येकटं जाऊ नका. ऊन चांगलं वर आल्याबिगर जाऊ नका. आन् जाताना बोलत जा, गाणी म्हणा, काठी आपटा. अस्वल खाण्यात गुंगलं की त्याला भान ऱ्हात न्हाई. अवचित समोर गेलात तर भिऊन अंगावर येतंय. दिसलंच, तर पळू नका. झाडावर चढू नका, ते तुमच्यापरीस झ्याक चढतंय. तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरा. आन् आईच्या आन् पिलाच्या मधी तर चुकून जाऊ नका."

बोलत जा म्हणं! छबुबाईला भ्या वाटलं, पर अस्वलाचं न्हाई. बोलत गेलं म्हंजी घळीचा पत्ता दवंडी पिटून दिल्यासारखाच की.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती सुनेला घेऊन निघाली. सून तेजश्री, चौसाळ्याची, लगीन होऊन पाच म्हैने झालेले. आज घळ दिसणार म्हणून पोरगी हरखली होती, पर चढणीला लागताच तिनं काठी दगडावर आपटली.

"शूऽऽ!"

"आत्या, गार्डभाऊ म्हणले आवाज करा."

"गार्डभाऊला त्याच्या सासूनं घळ दिली न्हाई."

"मग निदान खोकू तरी का?"

"येकदाच. बारीक."

अशा त्या दोघी चोरावानी घळीच्या वरच्या काठाला आल्या. खाली बघितलं आन् छबुबाईचं तोंड उघडंच ऱ्हायलं. मधल्या झाडाखाली अस्वलीण बसली होती, लग्नाच्या पंगतीला पाव्हणी बसावी तशी मांडी पसरून. गळ्याखाली पांढरा पट्टा, चांदीची हसळी घातल्यावानी. दोन्ही हातांनी सीताफळ फोडायली आन् मचामचा खायली. एक पिलू पाठीवर. दुसरं लांब, घळीच्या खालच्या तोंडाशी पाचोळ्यात लोळत होतं.

"माझं मधलं झाड!" छबुबाई कुजबुजली आन् रागानं एक पाऊल पुढं टाकलं.

तेजश्रीनं पदर धरला. "आत्या, पळू नका."

"पळतंय कोण? तिला हाकलते."

"हाकलू बी नका! मागं सरा."

दोघी चार पावलं मागं सरल्या. तेवढ्यात तेजश्रीनं सासूचा दंड दाबला. घळीच्या खालच्या तोंडाला झुडूप हाललं आन् जांभळं लुगडं दिसलं. सरस्वतीबाई! डोक्यावर रिकामी पाटी, चपला हातात, नजर भुईवर. ह्या दोघींनी वर जायची वाट धरली ते बघून ही खालून घुसली होती. अजून दहा पावलं, आन् ती बरोब्बर आईच्या आन् पिलाच्या मधी.

वराडलं तर घळ गेली. न्हाई वराडलं तर सरस्वती गेली. छबुबाईनं येकदा मधल्या झाडाकडं बघितलं, तेवढाच वेळ.

"सरस्वतेऽऽ! थांब! अस्वल हाय!"

सरस्वतीबाईनं मान बी वर केली न्हाई. "लंगडं हाय का गं?" म्हणली आन् पुढं पाऊल टाकलं.

"खरं हाय गं! देवाशप्पथ!"

"नागाच्या येळंला बी देवाचीच घेतली होतीस!"

अस्वलिणीनं खाणं थांबवलं. छबुबाईनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आन् अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"आगं हीच माझी घळ! बावीस झाडं! पळसापासून डाव्या हाताला, पांढऱ्या दगडावरनं खाली! आमच्या आत्याबाईंनी दिलेली! घे, समदा पत्ता घे, पर पाऊल उचलू नको!"

सरस्वतीबाईचं पाऊल तसंच हवेत ऱ्हायलं. छबी आन् आपल्या तोंडानं घळीचा पत्ता देती? म्हंजी अस्वल खरंच हाय! तिनं मान वर केली आन् ती हसळी बघितली.

"पळू नको! तोंड तिकडंच ठेव! मागं सर!"

सासऱ्याम्होरून सून निघावी तशी सरस्वतीबाई निघाली. पाठ न्हाई दावली, नजर न्हाई मिळवली, येकेक पाऊल मागं. अस्वलीण दोन पायांवर उभी ऱ्हायली, हुंगली, फुसफुसली. मग दुडूदुडू खाली गेली, दुसरं पिलू बी पाठीवर घेतलं आन् ऊसतोडीला निघालेल्या बाईवानी दोन लेकरं वागवीत पलीकडच्या डोंगरात गेली.

तिघी पळसापाशी भेटल्या. सरस्वतीबाईनं हातातल्या चपला आता कुठं पायात घातल्या.

"छबे, वीस वर्सं लपवलीस, आन् माझ्यापायी..."

"रडू नको. आता काय, समद्या गावानं ऐकलंय."

"बावीस म्हणलीस का तेवीस?"

"बावीस! आन् आज येक बी तोडायचं न्हाई, ती माघारी फिरली तर? उद्या समद्या मिळून येऊ. आन् मधलं झाड माझं."

"मधलं तर अस्वलिणीनं उष्टं केलंय की गं."

"उष्टं असू दे, माझं हाय."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर अकरा बाया डोंगर चढल्या, थाळ्या बडवीत. तेजश्री दर वळणावर उखाणा घ्यायली. तिच्या नवऱ्याचं नाव ससे-मोरांनासुदिक पाठ झालं. आन् छबुबाई? तीस वर्सं त्या वाटंवर तोंड दाबून चाललेली बाई, पायथ्यापासून बोलायला लागली ती घळीपर्यंत थांबलीच न्हाई. मधी दोनदा सरस्वतीबाई म्हणली, "छबे, दम खा."

"गार्डानं सांगितलंय," छबुबाई म्हणली आन् पुढं सुरू.