अकरा नाण्यांवरची खोच

ज्यानं चाळीस वर्षं गुजरीच्या सराफ पेठेत बसून लोकांची चांदी पारखली, त्यानंच आपल्या घरात पितळ आणावं, याला काय म्हणावं? मुलाच्या, आरिफच्या निकाहच्या सकाळी न्हाणीत रिठ्याच्या पाण्यानं नाणी धुताना मीरासाबनं स्वतःला नको नको त्या शिव्या घातल्या.

परदेशी राणीचा मुखडा असलेली अकरा जुनी नाणी. अकराही राण्यांच्या कानाखाली तीच बारीक खोच. जुनं नाणं हजार हातांतून जातं, एकाला इथं मार लागतो तर दुसऱ्याला तिथं. सगळ्यांना एकाच जागी कसा लागेल? एका साच्यातून ओतलेली होती ती. तरी त्यानं कसोटीचा दगड काढला, एक नाणं जोरात घासलं. पांढऱ्याखालून पिवळं निघालं.

गेल्या हिवाळ्यात तो उमऱ्याच्या यात्रेला निघाला, तेव्हा बायकोनं, सलमानं आपल्या आईचे तोडे पायांतून उतरवून त्याच्या हातात दिले होते. "सुनंच्या महरला हीच चांदी लागू दे," म्हणाली. महर म्हणजे नवरीचा हक्क, तो द्यायचा तर त्या पाक भूमीत पूर्वी चालायचं ते नाणं द्यावं, असं याच्या मनानं घेतलं. आणि शहाण्यानं दगड घरीच ठेवला! त्या जागी जाऊन कुणावर संशय घ्यायचा नाही, अशी मन्नतच केली होती त्यानं. नाणी विकणाऱ्यानं मात्र बदल्यात तोडे घेताना ते तीनदा घासून बघितले. परत आल्यावर सलमानं नाणी हिरव्या फडक्यात बांधून पेटीत ठेवली, ती आज सुटली.

"झालं का ओ?" सलमानं बाहेरून हाक दिली. "उशीर व्हायला लागलाय की!"

दार उघडून सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण नवी साडी नेसलेल्या सलमाच्या मोकळ्या पायांवर तोड्यांचे वळ अजून दिसत होते. त्यानं नाणी पुसली, फडक्यात बांधली आणि बाहेर आला.

कसबा बावड्याच्या हॉलमध्ये काझीसाहेबांनी महर विचारला. मीरासाबनं फडकं सोडलं. पडद्याआड सलमा बायकांना सांगत होती, "माझ्या आईचं तोडं हायत ती. रूप बदललंय निस्तं."

"एक वाजवून दावा की पावणं," नवरीचा, शबनूरचा बाप दस्तगीर कौतुकानं म्हणाला. "गुजरीत तुमचा कान चालतोय. साक्षीदारांनाबी कळू दे."

मीरासाबनं फरशीवर नाणं टाकलं. चांदी कशी लांबवर गात जाते. हे टप्प करून पडलं आणि मेलं.

"वा! आवाज बघा!" दोघे-तिघे म्हणाले. त्यांनी आवाज ऐकलाच नव्हता, मीरासाबचं तोंड बघितलं होतं. त्यानं नुसती मान हलवायची होती. पण पोरीच्या हक्कात पितळ घालायचं, तेही आपल्या नावाच्या भरवशावर?

"खोटं हाय," तो म्हणाला. "मी फसलोय, दस्तगीरभाई. पोरीला खोटा महर देणार न्हाय."

दस्तगीरनं काझीसाहेबांकडं बघितलं, मग मीरासाबच्या खांद्यावर हात ठेवला. "आसू दे. महर मागनं द्या. निकाह थांबणार न्हाय."

मीरासाबला ते ऐकूही गेलं नाही. पडदा सारून सलमा बाहेर आली होती. चारचौघांत पुरुषांच्या बाजूला कधी न आलेली बाई, सरळ येऊन त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"एक खोटं निघालं आसंल," ती म्हणाली. "सगळी कशी खोटी आसतील? वाजवा की दुसरं."

"सलमा..."

"वाजवा म्हन्ते न्हवं!"

त्यानं दुसरं टाकलं. मग तिसरं. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून कान द्यायची आणि पुढचं नाणं स्वतः उचलून त्याच्या हातात ठेवायची. दहा झाली, दहाही तशीच टप्प पडली. अकरावं तिनं मुठीत घट्ट धरलं, आणि काही केल्या त्याला देईना.