खांदा देणे

ताईंनी ते पान संपादकांच्या टेबलावर असं आपटलं, की कपातला चहा बशीत सांडला.

"हे उदाहरण कोशात जाणार नाही."

"अहो, पण का? 'खांदा देणे'ला यापेक्षा चांगलं वाक्य मिळणार कुठे?" संपादकांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. "'त्या दिवशी मी आईला खांदा दिला, इतकं जड ओझं पुन्हा कधी उचललं नाही.' वा! आणि तेही तुमच्या सख्ख्या भावाचं!"

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. शब्दकोशाच्या या कचेरीत उदाहरण घ्यायचं ते छापील पुस्तकातूनच, असा नियम. आणि ज्याने हे छापलं, तो आई गेली तेव्हा परगावी सत्काराचे हार घालून घेत होता. निरोप मिळूनही आला नाही. खांदा ताईंनी दिला. पुढे कादंबरी गाजली, वाचणाऱ्यांनी डोळे पुसले, ताई मूग गिळून बसल्या. पण आता हे कोशात? अर्थ म्हणून? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दुपारी ते वाक्य कोशात घ्यायला होकार द्यायला दादा स्वतःच आला, इस्त्रीच्या कपड्यांत, हसत. ताईंनी त्याला जिन्यातच गाठलं.

"लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"अगं, कादंबरी आहे ती. हळू बोल."

"का म्हणून हळू बोलू? मी होते तिथे. तू नव्हतास!"

दादाचा चेहरा उतरला. आता हा रडणार, असं ताईंना क्षणभर वाटलंही. त्याने खिशातून पेन काढलं.

"बरं, मग तू सांग. उचललीत तेव्हा कशी होती आई? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. दुखण्याने आई इतकी हलकी झाली होती, की खांदा देणारे भराभर चालायला लागले. शेवटी ताईच ओरडल्या होत्या, 'अहो, सावकाश, लागेल तिला!'

त्यांनी तोंड मिटलं आणि तरातरा जिना चढून संपादकांकडे गेल्या.

"घ्या ते वाक्य."

"अहो, सकाळी तर तुम्हीच..."

"घ्या म्हणते ना!"

दादा मागोमाग दारात येऊन उभा राहिला होता, पेन हातातच.

"सांग की गं, कशी होती?"

"जड," ताई म्हणाल्या. "तू लिहिलंयस तशीच."