गणपती कोणी उचलायचा

सत्यदेव सरकारी कचेरीत चिकटला तेव्हापासून मॉरिशसमधल्या लाँग माउंटन गावच्या मराठी मंडळाची सगळी लिखापढी त्याच्याच गळ्यात पडली होती. १९७९ साली पत्र आलं, की नोंदणी हवी तर मंडळाचे नियम लिहून द्या. झालं, रोझ हिलला राहणारा हा गृहस्थ दर रविवारी बस पकडून गावी येऊ लागला. आपण जे करतो तेच कागदावर उतरवायचं, त्यात काय मोठं, असं त्याला वाटलं होतं. माणूस हुशार, पण गाव सुटलं की असं होतं.

अध्यक्ष कसा निवडायचा, मराठीचा वर्ग कोणत्या वारी, इथवर सुरळीत गेलं. गाडी अडली विसर्जनापाशी. मखरातून गणपती कोणी उचलायचा? अकरा वर्षं तो त्याची कुंतीमावशी उचलत होती. आधी हा मान तिच्या नवऱ्याचा. तो वारला त्याच्या पुढच्या वर्षी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते, तेव्हा हिने सरळ मूर्ती उचलली आणि नदीची वाट धरली. विधवेने उचलावी की नाही, हे कोणी बोललं नाही. बोललं नाही म्हणून चाललं.

आता मावशीलाच घाई झाली होती. आज सगळे गप्प आहेत, उद्या कोणाची तरी सून तोंड उघडेल, तेव्हा माझं नाव लिहूनच टाक, असं तिचं म्हणणं. वर्षभर उसात राबणाऱ्या त्या बाईला गावात कोणी विचारत नव्हतं. तो एक दिवस तेवढा तिचा होता.

परशुरामकाका, मंडळातले सर्वांत वडील, लिहिण्याच्याच विरुद्ध. सत्यदेवने त्यांना सांगून पाहिलं, की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशानेसुद्धा राज्यघटना लिहून घेतलीच की. काका हसले. ते पुस्तक हातात असताना बहात्तरची निवडणूक शहात्तरला झाली, आणि तीही पुस्तकच बदलून. इंग्लंडच्या ज्या राणीकडून ते आलं, तिच्या घरी तर असलं एक पुस्तक नाही. हे सत्यदेवला पटलं. मावशीचंही पटलं होतं. बसमध्ये बसला की दोन्ही पटायचं आणि रोझ हिल येईतो डोकं भणभणायचं.

अखेर सभेत त्याने वाचलं, ‘विसर्जनाच्या दिवशी मूर्ती श्रीमती कुंती उचलतील. हरकत असल्यास कळवावी.’ दुसरं वाक्य निव्वळ कचेरीच्या सवयीने आलं होतं.

परशुरामकाका उठले. मावशीकडे त्यांनी पाहिलं नाही.

“नाय विचारलं असतंस तर मी मरेपर्यंत गप्प बसलो असतो. पण आता विचारलंस. देवासमोर खोटं कसं बोलू? माझी हरकत हाय.”

आणि ज्या माना एरवी कधी हलल्या नसत्या, त्या सात-आठ माना हलल्या. सत्यदेवने घाईघाईने ते कलम खोडलं आणि पूर्वीसारखंच चालू द्या म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं. नियम मंजूर झाले.

विसर्जनाच्या दिवशी आरती झाली, ढोलकी थांबली. मावशी मखरापुढे आली आणि तिथेच उभी राहिली. अकरा वर्षांत ती अशी कधी थांबली नव्हती. तिने वळून सत्यदेवला विचारलं, “उचलू ना रे?”

कागदात ‘उचल’ नव्हतं, ‘उचलू नको’ हेही नव्हतं. त्याचा एक शब्द पुरला असता. काकासुद्धा मान खाली घालून त्या शब्दाचीच वाट बघत होते. पण त्याच्या तोंडून मराठीऐवजी क्रेओलच निघालं, “मो पा कोने, मावशी.” मला ठाऊक नाही.

दुसरं कोणीच बोललं नाही. मावशीने बाजूला सरकून परशुरामकाकांच्या नातवाला, देवानंदला पुढे बोलावलं.

“खालून धर हां, बाबा,” ती म्हणाली. “पाठीकडून जड हाय.”