खंडेनवमीला आलेली जीप

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात कुणी पाना उचलत नाही. आप्पा सकाळीच सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. पाने, हातोडे, अगदी जॅकसुद्धा. हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, श्रीमंत मिस्त्री. श्रीरामपूर-बेलापूर रस्त्यावर चाळीस वर्षं गॅरेज चालवतात आणि हा नेम त्यांनी एकदाही मोडलेला नाही. नऊ वर्षांपासून मीही इथंच काम करते. मी गाडीखालून बाहेर आले की काही गिऱ्हाइकं अजूनही विचारतात, मिस्त्री कुठं आहेत? मी सरळ बॉनेट उघडते.

यंदा खंडेनवमीला अकराच्या सुमारास बजरंगशेठची जीप दारात आली. चालवत होता त्यांचा ड्रायव्हर कल्याण, शेजारी शेठ स्वतः. बेलापूरच्या बारा बायका याच जीपनं मोहट्याच्या देवीला जायला नटूनथटून थांबल्या होत्या. जीप साठच्या वर गेली की स्टेअरिंग थरथरायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. दोनदा चाकांचं अलाइनमेंट करून झालं होतं, आठ दिवसांत पुन्हा तेच. शेठचं निदान आधीच ठरलेलं होतं, कल्याण गाडी खड्ड्यात आदळतो. मिस्त्रींच्या तोंडून तेवढं वदवून घ्यायचं आणि उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघायचा. हे सगळं ते कल्याणच्या देखत सांगत होते, तो तिथं नसल्यासारखं. माझं डोकं तिथंच फिरलं. या माणसानं दहा वर्षांत त्यांच्या गाड्यांना एक ओरखडा पडू दिला नाही, हे अख्ख्या बेलापूरला माहीत आहे.

आप्पांनी हात जोडून सांगितलं, आज हत्यार पूजेत आहे. मी म्हटलं, माझे हात नाहीत पूजेत.

आधी पुढच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला. बाहेरून आत फिरवला तर टायर गुळगुळीत लागला, आतून बाहेर फिरवला तर करवतीसारखा टोचला. म्हणजे चाक सरळ चालत नव्हतं, रस्त्यावर घासत चाललं होतं. जॅक पूजेत असल्यामुळे चाक उचलता येत नव्हतं, पण मला ज्याचा संशय होता तो दोष चाक जमिनीवर असतानाच नीट सापडतो. पोतं अंथरून मी खाली शिरले आणि कल्याणला म्हटलं, स्टेअरिंग नुसतं दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे हलवत राहा.

स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत एक दांडा नेतो. त्याच्या टोकाला वाटीत बसलेली गोळी असते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. उजव्या सांध्यावर हात ठेवला, काही नाही. डाव्यावर ठेवला आणि हाताला टक् असं लागलं. पुन्हा टक्. आधी दांडा हलायचा, चाक मागाहून. गोळी वाटीत चक्क खुळखुळत होती. असल्या सांध्यावर शंभर वेळा अलाइनमेंट केलं तरी काय उपयोग?

मी शेठना वाकायला लावलं. पांढरा शर्ट सांभाळत त्यांनी हात आत घातला आणि टक् त्यांनाही लागलं. मी सांगितलं, यात ड्रायव्हरचा दोष नाही, वाटी झिजली आहे. वाटेतल्या करंजी घाटात वळणावर गोळी निसटली तर स्टेअरिंग कल्याणच्या हातात राहील आणि चाक मन मानेल तिकडे जाईल. शेठ हात पुसत उठले.

"मंग उद्या बदला की. आज तुमचं हत्यार हालत न्हाई, दुकानं बी बंद हायत. कल्या सावकाश नेईल."

मी सरळ पाटाकडे गेले. सतराचा पाना उचलून तो सांधाच खोलून ठेवणार होते, म्हणजे गाडी हललीच नसती. आप्पांनी माझं मनगट धरलं. मी हिसका दिला तरी सोडेनात. आप्पांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

शेठना तेवढंच पाहिजे होतं. "चल, बस गाडीत," ते कल्याणला म्हणाले. "जमत नसंल तर चावी ठेव आन् घरी जा."

कल्याणनं जीपची चावी काढली, चपला बाहेर सोडल्या, आत आला आणि चावी पाटावर ठेवली, पान्यांच्या ओळीत.

आप्पांनी माझं मनगट सोडलं. कुंकवात बोट बुडवून चावीला लावलं, वर एक झेंडू ठेवला आणि नमस्कार केला.

"आता उद्या सकाळी," ते शेठना म्हणाले.

शेठ पुढे झाले. हात पाटापर्यंत गेला आणि वरच्यावर थांबला. त्यांच्याही वाड्यात आज ट्रॅक्टर पूजेत होता. कल्याणला उद्यापासून येऊ नको असं सांगून, फोनवर दुसरी गाडी शोधत ते रस्त्याला लागले.

गाडीखालचं पोतं ओढून कल्याण त्यावर बसला. मी पाणी दिलं, ते तो एका दमात प्यायला. त्याची दोन मुलं शाळेत आहेत, घर त्याच्या एकट्यावर चालतं. मला फार वाईट वाटत होतं.

"दहा वर्सं झाली, ताई," तो म्हणाला. मग दारातल्या जीपकडे बघत राहिला. "पन गाडी न्हाई जाऊ दिली."