दोघांपुरती वाट

बागेतली ती वाट दोन माणसांपुरतीच रुंद आहे. तिसरं माणूस आलं की एकाला मागे राहावं लागतं, आणि तो एक म्हणजे मी. पुढे माझी बायको काशी आणि तिच्या बाजूला, म्हणजे खरं तर माझ्या जागेवर, बिल्किस.

वाट तशी बिनकष्टाची. चढ नाही, उतार नाही. बागेला वळसा घालून जिथून निघालो तिथेच परत. एका अंगाला भाट्याची खाडी दिसते. संध्याकाळी होड्या आत येत असतात, लोक थांबून फोटो काढतात. मला विचाराल तर कायमचा गावी आल्यापासून मी त्या वाटेवर फक्त दोन पाठी बघितल्या आहेत.

उभी नोकरी मी मुंबईत काढली, परळच्या एका छापखान्यात. काशी इथे, आई होती तोवर तिला आणि घराला सांभाळत. मी गणपतीत यायचो, शिमग्याला यायचो, जमलं तर मे महिन्यात आंब्याला. चाकरमानी म्हणतात तसला. रिटायर होऊन आलो तेव्हा मनात मांडे खाल्ले होते की आता संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ, राहिलेलं सगळं बोलून घेऊ. आलो, तर जागा आधीच भरलेली.

बिल्किस मागच्या आळीतली. माहेर पूर्णगडचं, नवरा अजून कुवेतला. बाई स्वभावाने चांगली आहे, आणि हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं. मला बघितलं की तोंडभर हसून "या भावोजी" म्हणते. माझ्याच बायकोच्या मागून चालायला मला बोलावते! माझा नुसता जळफळाट होतो. एखाद्या पुरुषाबरोबर बायको फिरली असती तर चार लोकांत बोलता तरी आलं असतं. इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि दोघी बोलतात तरी किती! काशी हात नाचवते, कपाळावर हात मारून घेते, मधेच थांबून कुणाच्या तरी नावाने बोटं मोडते. ही काशी मी कधी बघितलेलीच नाही. घरी माझ्या ताटात सुरमईची मधली तुकडी पडते. मी पाण्याला उठलो तर "अहो बसा, मी आहे ना." काय चाललंय विचारलं तर "सगळं बरं आहे." शेजारी म्हणतात, विनोदराव, नशीब काढलंत. नशीब डोंबलाचं! कुरकुरायला बिल्किस, आणि मला काय, तर सगळं बरं आहे.

परवा मी मुद्दामच मागे रेंगाळलो. म्हटलं, बघूया, नवरा मागे राहिला हे बाईसाहेबांच्या ध्यानात तरी येतंय का. नाही आलं. खाडीकडच्या टोकाला वाट उलटी वळते, मधे फक्त जास्वंदीचं कुंपण उरतं. मी अलीकडे, त्या पलीकडे.

"गुडघा नुसता ठणकतोय गो," काशी सांगत होती. "रात्री कूस बदलायची तर जीव जातो."

"भावोजींना सांगितलंस?"

"त्यांना कशाला? चार दिस आलेला माणूस. आनंदाने खाईल-पिईल, जाईल. त्याच्या डोक्याला कशाला ताप?"

बिल्किस जागीच थांबली. "अगो, कुठे जाईल? दीड वरस झाला त्यांना येऊन!"

 काशी हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "व्हय गो. माझ्या ध्यानातच राहत नाय."

मी कुंपणापाशी उभा. दीड वर्ष मी ज्याला मान समजत होतो ते पाहुण्याला वाढलेलं ताट होतं. गणपतीत आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि माझे गणपती तिच्या लेखी अजून संपलेच नव्हते. आधी बिल्किसचा राग आला, मग काशीचा. माझ्या घरातलं दुखणं त्या बाईला ठाऊक आणि मला नाही! मी भराभर चालत वळण गाठलं.

"भाभी, आजची एक फेरी मला द्या," मी म्हटलं. आवाज वाजवीपेक्षा चढलाच. बिल्किसने काशीकडे बघितलं आणि गुपचूप मागे झाली.

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

"नाय हो, बरा आहे."

"काशी, मी आता कुठेही जायचा नाही. तुझं जे काय खुपतंय ते मला सांग. माझ्याबद्दल असलं तर आधी सांग."

ती वाटेकडे बघत चालत राहिली. मला वाटलं, गेलं, हिच्यापाशी माझ्यासाठी शब्दच नाहीत. मागून बिल्किस म्हणाली, "टीवीचा सांग गो."

"टीवी मोठ्याने लावता," काशी म्हणाली. अगदी हळू, पहिल्यांदाच कुणाशी बोलल्यासारखं.

"आणि टॉवेलचा," बिल्किस म्हणाली. बाईला सगळं तोंडपाठ! मला तिचा भयंकर हेवा वाटला.

"ओला टॉवेल गादीवर टाकता. मी बोलत असले की फोन बघता." काशीचा हात नाचायला लागला. "आणि आई न्हाणीघरात पडल्या तेव्हा मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं?"

"पाय मुरगळला म्हणून."

"खुबा मोडला होता. मी आणि बिल्किसने रिक्षात घालून नेलं. रातभर त्या तुमचं नाव घेत होत्या. तुमची सुट्टी संपलेली, पुन्हा कशाला धावपळ, म्हणून बोलले मुरगळला. तुम्ही शिमग्याला आलात तोवर त्या काठीने चालायला लागलेल्या."

मी मागे वळून बघितलं. बिल्किस खाडीकडे तोंड करून थांबली होती. त्या रात्री माझ्या आईजवळ ती होती. एवढा हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नसेल, आणि तो करायचाही मला हक्क नव्हता.

फेरी संपली. फाटक समोर आलं. मी म्हटलं, "बस जरा, गुडघा दुखत असेल."

"दुखू दे," काशी म्हणाली. डोळे पुसायलाही ती थांबली नाही. "माझं अजून संपलं नाय. चला."