जनू नावाची वाडी

जनूचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. मी फोन उचलत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने आपल्या पुस्तकाची झेरॉक्स पाकिटात घालून पाठवली होती आणि वर दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘मधुभाऊ, छापखाना थांबलाय. तुझ्या प्रस्तावनेशिवाय पुस्तक काढायचं नाही, असं ठरवलंय.’

अंबरनाथच्या एका शाळेत आम्ही दोघांनी नोकरी केली. तो गणित शिकवायचा, मी इतिहास. बदलापूरच्या डोंगरातल्या ठाकर आदिवासींनी इंग्रजांच्या जंगलकायद्याला कसं तोंड दिलं, यावर पुस्तक लिहायचं माझ्या मनात तेव्हापासून होतं. टाचणं काढली, प्रकरणं लिहिली, मोडली, पुन्हा लिहिली. दर वेळी वाटायचं, अजून वाचायला हवं. आपण असे कोण लागून गेलो? आणि इकडे गणिताच्या मास्तराने ते लिहूनही टाकलं होतं.

आधी मी त्यात चुका शोधल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ सापडल्या. एक सनही चुकला होता. बरं वाटलं. मग तिसरं प्रकरण आलं.

भाताची रोपं करण्याआधी जमिनीवर फांद्या आणि पाला जाळतात, त्याला राब म्हणतात. जंगलखात्याने फांद्या तोडायला बंदी केली. ठाकरांनी तोडल्या. साहेब वाडीवर आला आणि एकेकाला नाव विचारू लागला. पहिला म्हणाला, जनू. दुसरा म्हणाला, जनू. म्हातारे, पोरं, बाया, सगळे जनू. साहेबाने अहवालात लिहिलं, ‘माणसागणिक वेगळं नाव ठेवण्याइतकीही सभ्यता या लोकांत नाही.’

ते वाक्य मला पाठ होतं. माझ्या प्रकरणात मी ते घेतलं होतं आणि खाली गंभीर टीप दिली होती, की आदिम समाजात व्यक्तीपेक्षा समूह मोठा असतो वगैरे. जनूने लिहिलं होतं, ‘समन्स काढणार कोणाच्या नावाने? साहेब गेल्यावर वाडी पोट धरून हसली.’

हसली! इतक्या वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं. त्याला त्यासाठी काही वाचावं लागलं नव्हतं. तो त्याच वाडीतला ठाकर, त्या हसण्यातच वाढला होता. मत्सराला वास असता, तर बेलवलीतलं आमचं घर त्या दिवसांत राहण्यासारखं उरलं नसतं.

तरी प्रस्तावना लिहायला बसलो. ‘लेखकाची शैली भाबडी, पण प्रांजळ आहे.’ हे वाक्य मला फार आवडलं. नात सई मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “आजोबा, हे जनूकाकांचं कौतुक आहे की इन्सल्ट?”

“कौतुक.”

“मग असं गच्चीवरून खाली बघितल्यासारखं का?”

कागद फाडला. पत्र तसंच पडून राहिलं. शेवटी ठरवलं, समोर जाऊनच नाही म्हणावं.

जांभूळ गावाच्या पुढे रिक्षा सोडली आणि चढ चढून वाडीत पोचलो. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, हातात जनूच्या झेरॉक्सची फाइल. नळावर बायका होत्या.

“जनू मास्तरांचं घर कुठलं?”

एक म्हातारी हंडा ठेवून उभी राहिली. “मोजनीवाला हाय काय रं तू?”

“नाही, नाही. मी आपला…”

“फाइल हाय की हातात,” दुसरी म्हणाली.

“जनू मीच,” म्हातारी म्हणाली. “बोल, काय मोजतो?”

“मी बी जनू.”

“आन ही माझी सून. ही बी जनूच. लगीन झाल्यावर नाव बदाललं.”

सगळ्यांना हसू फुटलं. नव्या रस्त्यासाठी जमीन मोजायला माणसं येत होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की मी साहेबाच्या जागी उभा आहे आणि ती जागा फार एकटी आहे. राग यायला हवा होता. मला त्या हसण्यात बसावंसं वाटत होतं आणि तिथे माझ्यासाठी जागा नव्हती. इतका मत्सर तर मला पुस्तकाचाही वाटला नव्हता.

आवाज ऐकून जनू बाहेर आला. “चांगुणाकाकी, सोड त्याला. माझा दोस्त आहे.”

“दोस्त? मंग त्वांड असं वसुलीचं का?”

ओट्यावर कोरा चहा आला. मी कपाकडे बघत म्हणालो, “प्रस्तावना मला जमणार नाही.”

“का?”

“हे पुस्तक मी लिहायचं होतं.” बोललो आणि कान तापले.

जनू हसला नाही. “माहीत आहे. म्हणून तर तुला मागितली. बाकीचे छान छान लिहितील. तू जळत वाचशील, म्हणजे नीट वाचशील.”

“एक सन चुकलाय.”

“बघ!”

“आणि ऱ्हस्व-दीर्घ…”

“ते काकीला सांग. ती म्हणेल, ऱ्हस्व बी जनू, दीर्घ बी जनू.”

मला हसू आलं. ते मी चहात लपवलं. “पण ते हसणं तुला दिसलं कसं?”

“मला काय दिसायचंय? काकी दर लग्नात ते सांगते. तुला प्रत्येक लग्नाची पत्रिका दिली, मधुभाऊ. तू कधी आलास?”

मी आलो नव्हतो. चार अनोळखी माणसांत काय बोलायचं, म्हणून घरी वाचत बसलो होतो. त्यातली बरीच लग्नं तर याच डोंगराचा इतिहास वाचण्यात गेली.

घरी येऊन लिहिलं. ‘साहेबाचं ते वाक्य मी अनेकदा वाचलं आणि दर वेळी मान डोलावली. ज्याला विनोद कळला नाही, त्याने समोरच्याला असभ्य ठरवलं. आम्ही शिकलेल्यांनी त्यालाच इतिहास म्हटलं. हे पुस्तक मला लिहायचं होतं. मला ते असं लिहिता आलं नसतं.’ शेवटचं वाक्य खोडलं. जेवून आलो आणि पुन्हा लिहिलं. चुकलेला सन वेगळ्या चिठ्ठीवर दुरुस्त करून दिला. तेवढं सुख मी सोडलं नाही.

मत्सर गेला, असं म्हणणार नाही. पोस्टात रांगेत उभा असतानाही वाटत होतं, ‘भाबडी’ हा शब्द तसा वाईट नव्हता.

“साधं की स्पीड पोस्ट?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

साधं टाकलं असतं, तर टपालाचा डबा उघडेपर्यंत पाकीट परत मागायला वेळ मिळाला असता.

“स्पीड,” मी म्हणालो आणि पाकीट काचेखालून आत सरकवलं.